घराचे कर्ज : स्थिर दर, तरता दर आणि कुटुंबाची ऐपत

घर घेण्याचा विचार कुटुंबात एकदा पक्का झाला, म्हणजे पहिला प्रश्न जागेचा किंवा दिशेचा नसतो. कर्ज किती मिळेल, हा असतो. हा प्रश्न घेऊन इंदूरचे किंवा बेळगावचे एखादे नोकरदार जोडपे दोन निरनिराळ्या संस्थांकडे गेले, तर पुष्कळदा त्याला चमत्कारिक अनुभव येतो. पगार तोच, वय तेच, मुदतही तीच. परंतु एक संस्था म्हणते ३२ लाख देता येतील, आणि दुसरी म्हणते जवळजवळ ३६ लाख. घरी परतताना दुसरी संस्था उदार आणि पहिली कृपण वाटू लागते, यात नवल नाही. वस्तुतः फरक औदार्याचा नसून व्याजाच्या प्रकाराचा असतो. पहिलीने स्थिर दराने हिशेब मांडलेला असतो, दुसरीने तरत्या दराने.

स्थिर दर म्हणजे करार करताना जो ठरला तो ठरला. बाजारात काहीही घडो, ठरलेल्या काळापर्यंत हप्त्याचा आकडा हलत नाही. तरता दर हा दुसऱ्या कोणत्या तरी दराला बांधलेला असतो. नदीचे पाणी वर चढले की होडी वर, उतरले की होडी खाली, असा तो प्रकार आहे. आज आपल्या देशातील बँकांच्या बहुतेक नव्या गृहकर्जांची होडी रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराच्या पाण्यावर आहे. बँकांना अडीनडीला रिझर्व्ह बँकेकडून ज्या दराने अल्प मुदतीची रक्कम मिळते, तो हा रेपो दर. त्यावर बँक आपली ठरावीक भर घालते आणि ग्राहकाचा दर तयार होतो.

आता ३२ आणि ३६ लाखांचे कोडे सोडवू पाहता येईल. कर्ज देणारी संस्था प्रथम घराची किंमत पाहत नाही. हातात येणारा पगार पाहते. त्यातील साधारणपणे निम्मी रक्कम सर्व कर्जांच्या हप्त्यांसाठी जाऊ शकेल असे ती धरते. हे प्रमाण संस्थेगणिक आणि पगारागणिक थोडे निराळे असते. कुटुंबाच्या हातात दरमहा ६०,००० रुपये येत असतील, तर हप्त्याची मर्यादा ३०,००० रुपये. मग प्रश्न उलटा विचारला जातो : २० वर्षे दरमहा ३०,००० रुपये भरले, तर आज किती कर्ज फिटेल? उत्तर व्याजदरावर अवलंबून आहे. ८ टक्के दराने एका लाखाला दरमहा सुमारे ८३६ रुपये हप्ता बसतो, म्हणून कर्जाची ऐपत ३५ लाख ८७ हजार. ९ टक्के दराने लाखाला ९०० रुपये पडतात, ऐपत ३३ लाख ३४ हजारांवर येते. साडेनऊ टक्क्यांना ती ३२ लाख १८ हजार, आणि १० टक्क्यांना ३१ लाख ९ हजार. तरता दर ८ टक्के आणि स्थिर दर साडेनऊ टक्के असेल, तर त्याच पगारावर दोन आकड्यांत साडेतीन लाखांहून अधिक अंतर पडते. (जाता जाता हेही सांगण्याजोगे आहे, की मोटारीचा दरमहा ४,००० रुपयांचा हप्ता आधीच चालू असेल, तर ८ टक्क्यांच्या हिशेबाने घराच्या कर्जातून पावणेपाच लाखांहून अधिक रक्कम निघून जाते. मोटार घेताना हा विचार क्वचितच कोणी करतो.)

एका टक्क्याने एवढा फरक का पडावा? कारण लांब मुदतीच्या कर्जाचे पहिले हप्ते मुख्यतः व्याजाचेच असतात. वरच्या उदाहरणात ८ टक्क्यांचे ३५ लाख ८७ हजार घेतले, तर पहिल्या ३०,००० रुपयांच्या हप्त्यातील जवळजवळ २४,००० रुपये व्याजापोटी जातात आणि मुद्दल फिटते ६,००० च्या आसपास. व्याजाचा वाटा इतका मोठा असताना दर किंचित हलला, तरी उरलेल्या चिमुकल्या वाट्याला धक्का बसतोच. मुदत जितकी लांब, तितका हा धक्का मोठा. दर ८ वरून ९ टक्क्यांवर गेला, तर १० वर्षांच्या कर्जाची ऐपत सुमारे ४ टक्क्यांनी घटते. २० वर्षांची ७ टक्क्यांनी. आणि ३० वर्षांची जवळजवळ ९ टक्क्यांनी. हप्ता हलका वाटावा म्हणून मुदत लांबवणारे कुटुंब व्याजाच्या चढउतारापुढे अधिक उघडे पडते, ही गोष्ट हप्त्याच्या हलकेपणात झाकली जाते.

स्थिर दर महाग का असतो, हेही समजून घेतले पाहिजे. तो संस्थेचा लोभ नव्हे. बँक जी रक्कम कर्जाऊ देते ती ठेवीदारांची असते, आणि बहुतेक ठेवी एक, दोन, फार तर पाच वर्षांच्या असतात. २० वर्षांनंतर ठेवीदाराला किती व्याज द्यावे लागेल हे बँकेला आज ठाऊक नसते. तरीही कर्जदाराला २० वर्षांचा दर बांधून द्यायचा म्हटले, तर त्या जोखमीची किंमत ती दरात मिळवते. अमेरिकेत ३० वर्षांचा स्थिर दर सर्वसामान्य कुटुंबालाही मिळतो, कारण तेथे अशी कर्जे एकत्र करून दीर्घ मुदतीच्या रोख्यांच्या रूपाने गुंतवणूकदारांना विकण्याची मोठी बाजारपेठ आहे आणि तिच्यामागे शासनपुरस्कृत संस्था उभ्या आहेत. आपल्याकडे ती जोखीम बहुतेक वेळा कर्जदाराच्याच खांद्यावर ठेवली जाते. स्वस्त दिसणारा तरता दर हा त्या ओझ्याचा मोबदला आहे.

जुन्या पिढीला हा प्रकार अपरिचित होता. पूर्वीच्या गहाणखतांत व्याज दरमहा दर शेकडा इतके आणे असे एकदा लिहिले, म्हणजे खत फिटेपर्यंत तो आकडा बदलत नसे. भारतात केवळ घरांसाठी कर्ज देणारी एच.डी.एफ.सी. ही संस्था हसमुखलाल पारेख यांनी १९७७ मध्ये स्थापली, तो काळही बांधलेल्या व्याजदरांचाच होता. मोठ्या कर्जांचे दर ठरवण्याचे स्वातंत्र्य बँकांना मिळाले ते १९९४ मध्ये. त्यानंतरच्या दशकात तरता दर रूढ होत गेला. पण तो कशाला बांधायचा, हे बरीच वर्षे बँकांच्या मर्जीवर राहिले. बाजारात दर उतरले की नव्या ग्राहकाला सवलत मिळे आणि जुना ग्राहक जुन्याच दरात अडकून राही. चढताना होडी झटकन चढे, उतरताना मात्र चिखलात रुते, ही तक्रार सार्वत्रिक होती आणि ती निराधार नव्हती. रिझर्व्ह बँकेने २०१० मध्ये एक पद्धत आणली, २०१६ मध्ये दुसरी; आणि अखेर १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांच्या नव्या तरत्या गृहकर्जांचा दर बाहेरच्या, सर्वांना दिसणाऱ्या दराला बांधण्याची सक्ती केली. तीन महिन्यांतून एकदा तरी दराची फेरजुळणी व्हावी, असाही नियम झाला. ही सक्ती बँकांना आहे. गृहवित्त कंपन्या मात्र अद्याप आपल्या स्वतःच्या आधारदराने चालतात. अर्ज भरण्यापूर्वी समोरची संस्था या दोहोंपैकी कोणती, हे विचारून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

नवी पद्धत प्रामाणिक होती. पण प्रामाणिक होडी वादळातही प्रामाणिकपणेच हलते. मे २०२० पासून रेपो दर ४ टक्के होता, आणि २०२१ मध्ये गृहकर्जे साडेसहा ते सात टक्क्यांच्या घरात मिळत होती. इतकी स्वस्ताई त्या आधी कित्येक वर्षांत कोणी पाहिली नव्हती. पुष्कळ कुटुंबांनी त्या वेळी आपली ऐपत त्या दराने मोजली. मग मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या अवघ्या दहा महिन्यांच्या आत रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ वरून साडेसहा टक्क्यांवर नेला. अडीच टक्क्यांची ही वाढ बहुतेक कर्जदारांपर्यंत जशीच्या तशी पोहोचली. जुन्या भाषेत सांगायचे, तर दरमहा शेकडा आठ आण्यांच्या किंचित वर असलेले व्याज बारा आण्यांवर गेले.

या वाढीचा अर्थ आकड्यांतच नीट कळतो. साडेसहा टक्क्यांनी २० वर्षांसाठी ४० लाखांचे कर्ज घेतलेले कुटुंब दरमहा २९,८२३ रुपये भरत होते, असे समजा. हिशेब सोपा राहावा म्हणून वर्षअखेरीस दर एकदम ९ टक्के झाला असे धरू. तोवर शिल्लक मुद्दल सुमारे ३९ लाख झालेले असते. त्यावर ९ टक्क्यांनी एका महिन्याचे व्याज होते सुमारे २९,२४४ रुपये. म्हणजे जवळजवळ ३०,००० रुपये भरूनही मुद्दलातून सुटतात ते जेमतेम ५७९ रुपये. हप्ता तोच ठेवला, तर १९ वर्षे उरलेले कर्ज फिटायला सुमारे ४४ वर्षे लागतील. मुदत तीच ठेवायची असेल, तर हप्ता ३५,७५० रुपयांवर न्यावा लागेल. दरमहा जवळजवळ ६,००० रुपये जास्त. ज्या कुटुंबाच्या हातात ६०,००० येतात त्याच्या मिळकतीचा निम्मा नव्हे, तर साठ टक्क्यांच्या जवळचा वाटा घरावर जाऊ लागतो. मुलांच्या शिक्षणाची फी, आईवडिलांचे औषधपाणी, किराणा, हे सारे राहिलेल्या चाळीसात बसवायचे.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे वडीलधारी माणसे सांगत आली. तरत्या दराच्या कर्जात अडचण अशी, की पाय पसरल्यानंतर अंथरूणच आखडते.

त्या काळात पुष्कळ संस्थांनी ग्राहकाला न विचारताच मुदत लांबवून टाकली. हप्ता न बदलल्यामुळे घरात कोणाच्या काही लक्षात आले नाही. कर्ज निवृत्तीच्या पलीकडे गेले आहे, हे पुढे कधी तरी खात्याचा उतारा मागवल्यावर कळले. तिशीतल्या कर्जदाराला हे एक वेळ परवडते. पंचेचाळिशीत कर्ज काढणाऱ्याला लांबवण्यासाठी वर्षेच शिल्लक नसतात. त्याच्या वाट्याला हप्त्याची वाढच येते. म्हणूनच स्थिर की तरता या प्रश्नाचे उत्तर सर्व वयांना एक असू शकत नाही.

रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ रोजी या बाबतीत नियम घालून दिले. दर बदलल्यावर हप्ता वाढवायचा, मुदत लांबवायची, की दोन्ही थोडे थोडे करायचे, याची निवड ग्राहकाला दिली पाहिजे. महिन्याचे व्याजही हप्त्यातून सुटत नाही आणि मुद्दल उलट वाढत जाते, अशी अवस्था मुदत लांबवून येऊ देता कामा नये. किती मुद्दल फिटले, किती व्याज गेले, किती हप्ते राहिले याचा उतारा दर तिमाहीस उपलब्ध केला पाहिजे. त्याच आदेशात एक वाक्य असे आहे, की ज्याची चर्चा कमी झाली, पण या विषयाचे मर्म तेच आहे. कर्ज मंजूर करतानाच, पुढे दर चढला तर हप्ता वाढवायला किंवा मुदत लांबवायला पुरेशी जागा राहील अशा बेताने कर्जदाराची फेडीची शक्ती जोखावी, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे आजच्या दराने निघणारा आकडा ही खरी ऐपत नव्हे, हे रिझर्व्ह बँकेनेच मान्य केले.

मात्र ही जागा किती टक्क्यांची ठेवावी, हे आकड्याने सांगितलेले नाही. इतरत्र ते सांगितले गेले आहे. कॅनडात २०१८ पासून विमा नसलेल्या गृहकर्जांनाही अशी कसोटी लागू झाली, की कराराच्या दरापेक्षा २ टक्के अधिक किंवा एक ठरावीक किमान दर, यांपैकी जो मोठा असेल त्याने ग्राहकाची ऐपत मोजावी. जून २०२१ मध्ये तो किमान दर ५.२५ टक्के करण्यात आला. ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २०२१ मध्ये ही भर अडीचवरून ३ टक्क्यांवर नेली गेली. तेथील ग्राहकांना कर्ज कमी मिळते म्हणून कुरकूर झाली. पण त्यानंतर दोन्ही देशांत व्याजदर झपाट्याने चढले, तेव्हा ती जागा कामी आली.

आपल्याकडे याच्या उलट टोकाचा प्रयोगही होऊन गेला आहे. २००९ च्या सुमारास काही संस्थांनी पहिल्या वर्षी किंवा पहिल्या काही वर्षांत अगदी कमी दर आणि पुढे बाजाराचा दर, अशी कर्जे देण्यास आरंभ केला. स्वस्त वर्षांच्या दराकडे पाहून पायरीबाहेरचे घर घेण्याचा मोह होणारच. डिसेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने अशा कर्जांसाठी बँकांनी बाजूला ठेवावयाची तरतूद ०.४० टक्क्यांवरून २ टक्क्यांवर नेली, तेव्हा त्या योजनांचा उत्साह ओसरला.

मग स्थिर दर घ्यावा काय? येथे करारातील बारीक अक्षरे वाचावी लागतात. आपल्याकडे स्थिर म्हणून जे दिले जाते, ते पुष्कळदा दोन, तीन किंवा पाच वर्षांपुरतेच स्थिर असते. पुढे ते आपोआप तरते होते. काही करारांत असाधारण परिस्थितीत दर बदलण्याचा अधिकार संस्था स्वतःकडे राखून ठेवते. अशा दराला स्थिर म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोगच होय. शिवाय बँकांच्या तरत्या दराच्या गृहकर्जावर मुदतीपूर्वी फेड केल्याबद्दल व्यक्तींकडून दंड घेण्यास २०१२ पासून मनाई आहे. स्थिर दराच्या कर्जावर असे शुल्क लागू शकते. आणि २०२३ च्या आदेशाने तरत्या दरातून स्थिर दरात जाण्याची वाट ग्राहकाला खुली करण्यास सांगितले होते, ती वाट देणे न देणे १ ऑक्टोबर २०२५ पासून संस्थांच्या इच्छेवर सोडण्यात आले. पुढे अडचण आली तर स्थिर दरात जाऊ, या भरवशावर आज मोठे तरते कर्ज घेणे म्हणून शहाणपणाचे नाही.

तरत्या दराची दुसरी बाजूही न्यायाने सांगितली पाहिजे. फेब्रुवारी २०२५ पासून रेपो दर उतरू लागला आणि डिसेंबर २०२५ मध्ये ५.२५ टक्क्यांवर आला. म्हणजे चढलेल्या अडीच टक्क्यांपैकी निम्मे परत मिळाले. २०२३ मध्ये घाबरून चढ्या स्थिर दरात गेलेल्या कुटुंबाला या उताराचा लाभ मिळाला नसेल. २० वर्षांच्या काळात असे चढउतार अनेकदा होतात, आणि एरवी स्वस्त असलेला तरता दर एकंदरीत फायद्याचा ठरण्याची शक्यता पुष्कळ असते. अट एवढीच, की वाईट वर्षांत कुटुंबाचा दम टिकला पाहिजे. तो टिकेल की नाही, हे कर्जाच्या प्रकारापेक्षा कर्जाच्या आकाराने ठरते.

हा आकार घरबसल्या ठरवता येतो. संस्थेने ज्या तरत्या दराने ऐपत काढली असेल, त्यात २ टक्के मिळवावेत आणि तोच हिशेब पुन्हा करावा. ६०,००० रुपये मिळकतीच्या त्याच कुटुंबासाठी ८ ऐवजी १० टक्के धरले, की ३५ लाख ८७ हजारांचा आकडा ३१ लाख ९ हजारांवर येतो. साडेनऊच्या स्थिर दराने मिळणाऱ्या ३२ लाख १८ हजारांपेक्षाही तो कमी आहे. उदार वाटलेल्या संस्थेची साडेतीन लाखांची जास्तीची देणगी येथे नाहीशी होते. ती ऐपत नव्हती, दर चढणार नाही या गृहीतावर दिलेली उचल होती. घर पाहायला निघण्यापूर्वी हा हिशेब झालेला बरा. एकदा बयाणा दिला आणि जागा मनात भरली, म्हणजे आकडे जागेसाठी वाकवले जातात.

कुटुंबाने समजा ३१ लाखच तरत्या दराने घेतले. ८ टक्क्यांनी त्याचा हप्ता सुमारे २५,९३० रुपये होतो. ३०,००० च्या मर्यादेतून दरमहा चार हजारांवर रक्कम सुटी राहते. दर १० टक्क्यांपर्यंत चढला, तरी हप्ता ३०,००० च्या आतच बसतो आणि मुदतीला हात लावावा लागत नाही. दर चढला नाही, तर ते चार हजार दर महिन्यास मुद्दलात भरावेत. त्यासाठी दंड नाही. तसे केल्यास २० वर्षांसाठी काढलेले हे कर्ज १४ वर्षे आणि आठ महिन्यांत फिटते.